लांडगा आला रे आला!

घाबरण्यावर लेख लिहायचा आणि तोही दिवाळी अंकात, म्हणजे अनारशांच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, असे आमच्या घरातल्या मंडळींचे म्हणणे पडले. पण मला तसे वाटत नाही. आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडून! आधी थोडे कडू, मग फराळ, हा क्रम आपल्या वाडवडिलांनीच लावून दिलेला आहे. तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे ते कारीट समजा आणि पानभर सोबत या.

गोष्ट 2019 सालच्या ऑगस्ट महिन्यातली. मी साताऱ्याला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुण्याला एक चर्चासत्र होते आणि मला निबंध वाचायचा होता. सकाळची विनाथांबा एस.टी. पकडली. खिडकीची जागा मिळाली. बाहेर पावसाने धुतलेली हिरवी शेते होती, मांडीवर निबंधाचे कागद होते. मनात म्हणाल तर काळजी कसलीच नव्हती.

साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहने तेव्हा खंबाटकीच्या बोगद्यातून जात. आमची गाडी बोगद्यात शिरली आणि मध्यावर येऊन थांबली. पुढे एक मालट्रक बंद पडला होता. दोन मिनिटे गेली, चार गेली. दिव्यांचा तो पिवळट उजेड, धुराचा वास, मागे-पुढे वाहनांची रांग! आणि एकाएकी माझ्या छातीत कोणीतरी ढोल बडवू लागले. दरदरून घाम सुटला. हातांना मुंग्या आल्या. श्वास घ्यावा तर तो गळ्याच्या खाली उतरेना. शेजारच्या माणसाचे बोलणे विहिरीच्या तळातून आल्यासारखे वाटू लागले आणि मनात एकच वाक्य उमटले, "संपलं. आपण इथंच मरणार."

पुढच्या बाकावर एक म्हातारीशा बाई होत्या. त्यांनी वळून पाहिले आणि काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. "घोट घोट प्या, लेकरा," एवढेच त्या म्हणाल्या. गाडी बोगद्याबाहेर आली तेव्हा ड्रायव्हरने ती बाजूला घेतली, मला उतरवले आणि एका रिक्षावाल्याच्या हवाली केले. जवळच्या गावातल्या एका दवाखान्यात हृदयाचा आलेख निघाला. तो सरळ होता! रक्तदाब जरासा चढलेला, बाकी सारे ठीक. डॉक्टर म्हणाले, "पित्त झालं असेल." पित्ताची गोळी घेऊन, निबंध न वाचताच, मी घाटाच्या रस्त्याने साताऱ्याला परतलो.

सबबींचा कारखाना

घरी आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. सौ.ने आहारातून चहा आणि तिखट बंद केले. आणि मी? मी मनाशी ठरवून टाकले की, पुन्हा त्या बोगद्याचे तोंड पाहायचे नाही.

पण गंमत अशी की, भीती ही पाहुण्यासारखी असते. एक खोली दिली की ती सारे घर बळकावते. आधी बोगदा सुटला. पुढे पोवई नाक्यावर गर्दीत एकदा तसेच झाले, म्हणून नाका सुटला. मग सभा-समारंभ सुटले. नाटकाला गेलो तर दाराजवळची खुर्ची हवी. खिशात गोळी आणि हातात पाण्याची बाटली असल्याखेरीज कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणे होईना. झटका येऊन गेल्याला महिना झाला तरी "पुन्हा आला तर?" ही धास्ती अष्टौप्रहर सोबत असे. आणि हे कोणाला सांगावे? चव्वेचाळिशीकडे झुकलेला, वर्गात वीररसावर तासन्‌तास बोलणारा गृहस्थ, "मला एस.टी.ची भीती वाटते" असे कोणत्या तोंडाने सांगणार? मग सबबींचा कारखाना सुरू झाला. परीक्षेचे काम, पाठदुखी, आईची प्रकृती!

त्या वर्षीची भाऊबीज आली. माझी एकुलती एक बहीण पुण्यात असते. तिने सकाळपासून पाट मांडून ठेवला होता. मी दुपारी फोन करून सांगितले, "अगं, पेपर तपासायचे राहिलेत." ती म्हणाली, "बरं, दादा." त्या दोन शब्दांचा अर्थ मला पुढे दोन वर्षे पुरला. 2020 मध्ये महामारीमुळे साऱ्या जगालाच घरी बसण्याची सबब मिळाली. लोक कोंडमारा झाला म्हणून हैराण होते. मला मात्र आतून हायसे वाटत होते, हे लाजेने कबूल करतो.

शेवटच्या बाकावरची मुलगी

याहूनही लाजेची एक गोष्ट सांगायची आहे. 2020 च्या जानेवारीत पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी शेवटच्या बाकावर बसत असे. तास रंगात आला की मध्येच उठून, न विचारता, ती बाहेर जाई. तीन-चार वेळा असे झाले. एके दिवशी मी भर वर्गात म्हणालो, "बाई, हा वर्ग आहे, एस.टी. स्टँड नव्हे. वाटेल तेव्हा उतरायला!" सारा वर्ग हसला. ती खाली मान घालून गेली आणि पुन्हा माझ्या तासाला आली नाही. मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली. स्वतः एस.टी.तून घाबरून उतरलेल्या माणसाने नेमका तोच दाखला द्यावा आणि त्याच्या डोक्यात उजेड पडू नये, याला काय म्हणावे?

आजीला तोंडपाठ असलेली यादी

शेवटी 2021 च्या जूनमध्ये सौ.ने मला साताऱ्यातल्याच एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जवळजवळ ओढत नेले. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतले. रक्ताच्या तपासण्या करवल्या, कारण थायरॉईड वाढले, रक्त कमी झाले किंवा साखर उतरली तरी असाच प्रकार होऊ शकतो. तपासण्या ठीक आल्या. मग त्या म्हणाल्या, "सर, याला पॅनिक ॲटॅक म्हणतात. घबराटीचा झटका. हा खरा असतो, त्रासही खरा असतो. फक्त त्यानं माणूस मरत नाही."

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या ग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली. तीत या झटक्याची 13 लक्षणे दिली आहेत. त्यांतली चार किंवा अधिक एकदम येऊन काही मिनिटांत शिगेला पोहोचली, तर तो असा झटका. ही यादी मी वाचली आणि थक्क झालो. कारण आपल्या आजीला ती तोंडपाठ होती! छाती धडधडणे, दरदरून घाम सुटणे, कापरे भरणे, जीव गुदमरणे, घशाशी अडकणे, पोटात ढवळणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हातापायांना मुंग्या येणे, आपले आपण न राहणे. भीतीसाठी मराठीने जे वाक्प्रचार घडवले त्यांतले बहुतेक शरीराचेच आहेत. हातपाय गळतात, बोबडी वळते, तोंडचे पाणी पळते. भीती आधी अंगात येते हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. वीस वर्षे वाक्प्रचार शिकवूनही ते मला ठाऊक नव्हते!

आणि अर्जुन? गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याचे अवयव गळतात, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, मन भ्रमल्यासारखे होते आणि गांडीव हातातून निसटते. त्याचा विषाद धर्माधर्माचा होता, आपला झटका तसा नव्हे, हे मला समजते. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. श्रीकृष्णाने त्याचा रथ मागे, शिबिराकडे वळवला नाही. जे काही सांगायचे ते दोन सैन्यांच्या मध्ये, त्याच जागी रथ उभा ठेवून सांगितले.

शास्त्राला हा विकार ओळखायला बराच काळ लागला. 1871 साली दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच लक्षणे नोंदवली आणि त्यांना चिडखोर हृदयाचा रोग म्हटले. 1895 मध्ये फ्रॉइडने चिंतेचा विकार मज्जातंतूंच्या थकव्यापासून वेगळा काढला. 1960 च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन यांना आढळले की, एका विशिष्ट औषधाने हे झटके थांबतात. आणि 1980 साली या विकाराला वर नमूद केलेल्या ग्रंथात स्वतंत्र स्थान मिळाले. आज आपण समजतो तितका तो दुर्मीळही नाही. 25 देशांतल्या पाहण्यांचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरांतल्या सुमारे तेराजणांनी आयुष्यात एकदा तरी असा झटका अनुभवला होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. पण एखादा झटका येऊन जाणे वेगळे आणि त्याच्या धास्तीने आयुष्य आकसणे वेगळे. विकार म्हणायचे ते या दुसऱ्याला.

आत नेमके काय होते?

वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने 1915 साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, संकट दिसताच प्राण्याचे शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. ॲड्रेनलिन रक्तात उतरते. हृदय जोराने रक्त फेकू लागते, श्वास वाढतो, घाम फुटतो. समोर खरोखर वाघ असेल तर हे सारे वरदानच आहे. पण मेंदूतला हा पहारेकरी कधीकधी वाघ नसताना ओरडतो. लहानपणी ऐकलेली मेंढपाळाच्या पोराची गोष्ट आठवा: "लांडगा आला रे आला!"

आता मौज पाहा. आरोळी ऐकून आपण भराभरा श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा अधिक बाहेर पडतो. त्याचा परिणाम म्हणून चक्कर येते, हातांना आणि ओठांना मुंग्या येतात. ह्या मुंग्या जाणवल्या की आपण म्हणतो, "पाहा, खरंच लांडगा आला!" भीती वाढते, छाती आणखी धडधडते, आणि त्या धडधडीने भीती पुन्हा वाढते. इंग्लंडमधल्या डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली हे चक्र नीट मांडले. त्यांचे सांगणे असे की, झटका धडधडीने पुरा होत नाही. धडधडीचा आपण जो भलता अर्थ लावतो त्याने होतो.

डॉक्टरबाईंनी मला विचारले, "सर, तुम्ही अजिंक्यतारा चढता तेव्हा छाती धडधडते का?"

"धडधडते तर!"

"मग तेव्हा मरणाची भीती का वाटत नाही?"

मी निरुत्तर झालो. किल्ल्यावर धडधडीचे कारण मला ठाऊक असते, बोगद्यात ते नव्हते. फरक एवढाच.

पायरी पायरीने

उपचार दोन होते. पहिला गोळ्यांचा. ह्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांची चटक लागत नाही. मात्र त्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. मी सुमारे वर्षभर घेतल्या आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू सोडल्या. तत्काळ आराम देणाऱ्या दुसऱ्या जातीच्याही गोळ्या असतात, पण त्यांची सवय जडते. म्हणून शेजाऱ्याने दिली आणि आपण घेतली, असे त्यांच्या बाबतीत कधीही करू नये.

दुसरा उपचार मनाच्या शिक्षणाचा. त्याची सुरुवात विचित्र होती. बाईंनी मला त्यांच्याच खोलीत जागच्या जागी पळायला लावले, स्वतःभोवती गरगर फिरायला लावले! धडधड आणि चक्कर ही मुद्दाम आणायची, आणि त्यांनी काही होत नाही हे शरीराला दाखवून द्यायचे. मग बोगद्यापर्यंतची शिडी आखली. पहिली पायरी, स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत दहा मिनिटे बसणे. दुसरी, सुरूर फाट्यापर्यंत जाऊन परत येणे. तिसरी, सौ.बरोबर बोगदा ओलांडणे. चौथी, सौ. त्याच गाडीत, पण मागच्या बाकावर. पाचवी, एकट्याने. प्रत्येक पायरीवर झटका आला तर पळायचे नाही. तो उतरेपर्यंत तिथेच थांबायचे. तो उतरतोच! बहुधा दहाएक मिनिटांत तो शिगेला पोहोचतो आणि अर्ध्या तासात ओसरू लागतो. शरीराला याहून फार वेळ आरडाओरड परवडत नाही. पळून गेलो तर मात्र मेंदू म्हणतो, "पळालो म्हणून वाचलो," आणि पुढच्या वेळी आणखी मोठ्याने ओरडतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर वीक्स ह्या डॉक्टरबाईंनी 1962 सालच्या आपल्या पुस्तकात हेच चार शब्दांत सांगितले होते. सामोरे जा, स्वीकारा, तरंगत राहा आणि काळ जाऊ द्या. पोहणाऱ्याला हे पटेल. पाण्यात हातपाय झाडणारा बुडतो, अंग सैल सोडणारा तरंगतो.

श्वासाबद्दलही एक सांगतो. "खोल श्वास घ्या" हा सल्ला झटक्याच्या वेळी उलटू शकतो, कारण तेव्हा श्वास आधीच जास्त होत असतो. श्वास लहानच घ्यावा; तो सोडावा मात्र सावकाश, घेतल्याहून लांब. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा खरा आजार असेल तर तो घातक ठरतो.

गोष्टीतल्या गावकऱ्यांनी पोराची आरोळी ऐकली, पण उठून गेले नाहीत, आणि त्या वेळी लांडगा खरोखरच आला होता, हेही विसरू नका. पहिल्यांदाच असा त्रास झाला, विशेषतः चाळिशीनंतर, किंवा छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे जात असेल, तर "मनाचेच खेळ" म्हणून बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. एकदा नीट तपासून लांडगा नाही अशी खात्री झाली, की मगच आरोळीकडे कानाडोळा करायचा.

वाचनालयातली भेट

2021 च्या ऑक्टोबरअखेर महाविद्यालये पुन्हा उघडली. ती मुलगी आता तिसऱ्या वर्षात होती. मी तिला वाचनालयात गाठले. काय बोलावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. तुला बाहेर का जावं लागायचं, ते विचारायला हवं होतं." ती गप्पच राहिली. मग मी माझी बोगद्याची हकिगत सांगितली. ती ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. "सर, मला वाटायचं, हे जगात माझं एकटीचंच आहे. घरी म्हणायचे, नाटकं करते."

आम्ही एक करार केला. तिने दाराजवळच्या बाकावर बसावे, हवे तेव्हा न विचारता उठावे. मात्र श्वास जुळला की परत यावे. पहिल्या आठवड्यात ती तीनदा उठली आणि तीनदा परत आली. एकदा गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याविषयी काही बोललो नाही. डॉक्टरांकडे मात्र ती आईबरोबर जाऊन आली. दाराजवळचा बाक हीसुद्धा एक कुबडीच, असे आमच्या बाई सांगत. म्हणून दर महिन्याला ती एक बाक आत सरकली. मे महिन्यात निरोपसमारंभात ती खोलीच्या अगदी मध्यावर बसली होती. ते केवढे अंतर होते, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होते.

घरच्या माणसांसाठी दोन शब्द

तुमच्या घरात कोणाला असा झटका आला तर "काही नाही झालं तुला!" असे दटावू नका. त्याला काहीतरी झालेलेच असते. चारी बाजूंनी गर्दी करू नका. शेजारी बसा, हळू बोला, आणि "हे उतरेल, मी इथं आहे," एवढेच सांगा. आईच्या मीठ-मोहऱ्यांनी माझा आजार गेला नाही. पण तिचा हात डोक्यावर होता तेवढा वेळ तो माझ्यावर शिरजोरही झाला नाही. दुसरे असे की, त्याच्या वतीने सारी कामे करू लागून त्याला घरात कोंडू नका. प्रेमानेसुद्धा भीती पोसली जाते.

डॉक्टर जवळ नसेल, किंवा जायचा धीर होत नसेल, तर 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारने टेलिमानस ही दूरध्वनी सेवा चालू केली आहे. 14416 हा तिचा क्रमांक. तिथे फुकट आणि मराठीतही बोलता येते. पहिले वाक्य बोलणे हीच सगळ्यांत उंच पायरी असते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

पाट मांडलेला आहे

2021 च्या भाऊबीजेला मी शेजाऱ्यांच्या मोटारीतून, सौ.ला बरोबर घेऊन, पुण्याला गेलो. एकट्याने जायची पायरी एस.टी.च्या संपामुळे लांबली. ती 2022 च्या भाऊबीजेला चढलो. खिशात गोळी नाही, हातात बाटली नाही. बोगद्यात शिरताना पहारेकरी ओरडलाच, "लांडगा आला रे आला!" मी मनात म्हणालो, "येऊ दे. शेजारची जागा रिकामी आहे, बसू दे त्याला." छाती धडधडली. मुंग्या आल्या. खंडाळ्याच्या बाजूचा उजेड दिसेपर्यंत त्या ओसरूही लागल्या होत्या.

बहिणीने ओवाळताना काही विचारले नाही. ताट खाली ठेवल्यावर म्हणाली, "दादा, तेव्हा खरं काय ते सांगितलं असतंस, तर मीच साताऱ्याला आले असते ना!" इतकी सोपी गोष्ट होती ती!

मी पुरता बरा झालो, असे म्हणणार नाही. वर्षातून एखाद्या वेळी आरोळी अजून ऐकू येते. पण आता मी तिच्यामागे धावत सुटत नाही. ह्याही भाऊबीजेचे तिकीट काढून ठेवले आहे, खिडकीजवळच्या जागेचे.